चांदीवरही आता एचयूआयडी: लेझर मार्किंगचं यंत्र घ्यायचं का, आणि घेतलंत तर सुरुवात कुठून करायची?

१ सप्टेंबर २०२५ पासून चांदीचे दागिने आणि वस्तूंसाठीही एचयूआयडीसह हॉलमार्किंग सुरू झालं. सोन्यासारखी सक्ती नाही, ही व्यवस्था ऐच्छिक म्हणून आली. पण सोन्याचा प्रवास ज्यांनी पाहिलाय, त्यांना पुढची दिशा ओळखता येईल. सोन्याचं हॉलमार्किंगही आधी अनेक वर्षं ऐच्छिकच होतं. १६ जून २०२१ पासून ते २५६ जिल्ह्यांत सक्तीचं झालं, मग टप्प्याटप्प्यानं जिल्हे वाढत गेले. १ एप्रिल २०२३ पासून तर सहा अंकाक्षरी एचयूआयडी नसलेला हॉलमार्कचा दागिना विकायलाच बंदी आली.

या बातमीचा एक परिणाम बाजारात लगेच दिसतो. ही सहा अक्षरं लेझरनं कोरली जातात, त्यामुळे लेझर मार्किंगच्या यंत्रांच्या जाहिरातींत 'हॉलमार्किंगसाठी उपयुक्त', 'ज्वेलरीसाठी खास' असे शब्द ठळक अक्षरांत येतात. हुपरीत चांदीकाम करणाऱ्या घरातला मुलगा असो, जळगावच्या सराफ बाजारातला कारागीर असो की पुण्यात भेटवस्तूंचं दुकान चालवणारं कुणी, दोन-अडीच लाखांचं कर्ज काढून यंत्र घ्यावं का, हा प्रश्न अनेकांच्या डोक्यात आहे.

थोडक्यात उत्तर आधीच देऊन टाकू. धातूवरचं लेझर काम शिकण्यासारखं आहे आणि त्यात धंदाही आहे. पण हॉलमार्किंगच्या आशेनं यंत्र घेत असाल तर थांबा. ते काम तुम्हाला मिळणार नाही. का नाही, आणि मग कुठलं मिळेल, ते आता नीट बघू.

हॉलमार्क कोरतं कोण?

दागिन्यावर हॉलमार्क उमटवण्याचा अधिकार सराफाला नाही, कारागिराला नाही आणि लेझरचं यंत्र असणाऱ्यालाही नाही. तो फक्त भारतीय मानक ब्युरोनं, म्हणजे बीआयएसनं, मान्यता दिलेल्या तपासणी व हॉलमार्किंग केंद्राला असतो. सराफ आपला माल केंद्राकडे पाठवतो. तिथे आधी एक्स-रे पद्धतीनं प्राथमिक तपासणी होते, मग नमुना काढून भट्टीतली कसोटी लागते. माल शुद्धतेत उतरला, तर बीआयएसच्या ऑनलाइन यंत्रणेतून प्रत्येक नगाला वेगळा एचयूआयडी मिळतो आणि शेवटी तो लेझरनं कोरला जातो.

म्हणजे लेझर हा या साखळीतला शेवटचा आणि सर्वात सोपा टप्पा आहे. केंद्राचा खरा खर्च प्रयोगशाळेवर, तज्ज्ञ माणसांवर आणि नोंदींवर होतो. सोन्याच्या एका नगाचं हॉलमार्किंग शुल्क २०२२ मध्ये ३५ रुपयांवरून ४५ रुपये झालं, त्यावर जीएसटी वेगळा. एवढ्या रकमेत तपासणीपासून कोरण्यापर्यंत सगळं बसवायचं असतं. केंद्र चालवायचं तर नगांचा ढीग लागतो. घरातल्या एका यंत्रावर हा हिशेब बसत नाही, आणि मान्यतेशिवाय हॉलमार्क कोरणं हा तर बीआयएस कायदा, २०१६ खाली सरळ गुन्हा आहे.

त्यामुळे एखादा विक्रेता 'यंत्र घ्या, हॉलमार्कची कामं येतील' असं म्हणाला, तर त्याला एकच प्रश्न विचारा: केंद्राची मान्यता कोण देणार?

पंच सोडून लेझर का आला?

पूर्वी दागिन्यावर खूण उमटवायला पोलादी पंच वापरायचे. हातोडीचा एक ठोका की काम झालं. पण पंचात दोन अडचणी होत्या. पोकळ किंवा नाजूक दागिना ठोक्यानं दबायचा. आणि एका पंचावर एकच ठरावीक खूण असते. प्रत्येक नगावर वेगळा क्रमांक टाकायचा, तर पंच चालतच नाही.

लेझरला साच्याची गरज नसते. संगणकातला मजकूर बदलला की पुढच्या नगावर वेगळी अक्षरं. धातूला स्पर्श नाही, त्यामुळे दाबही नाही. एचयूआयडीची कल्पना प्रत्यक्षात आली ती यामुळेच.

'लेझरनं सोनं उडून जातं का?' अशी शंका ग्राहक हमखास विचारतात. ढोबळ हिशेब करून बघू. सहा अक्षरं मिळून ३ मिलिमीटर लांब आणि अर्धा मिलिमीटर उंच आहेत असं धरू. अक्षरांच्या रेषांनी त्यातला पाव भाग व्यापला आणि खोली एक शतांश मिलिमीटर असली, तर उडालेला धातू साधारण ०.००४ घन मिलिमीटर भरतो. २२ कॅरेट सोन्यात त्याचं वजन होतं ०.०७ मिलिग्रॅमच्या आसपास. ग्रॅमला १०,००० रुपये भाव धरला तरी हा ७० पैशांचा मामला आहे. कोरीवकाम खोल आणि मोठं असेल तेव्हा मात्र उडालेली पूड गोळा करण्याची सोय लागते. सोनारवाड्यात झाडलेला केरही जपून ठेवतात, त्याचंच हे नवं रूप.

कुठला लेझर धातूवर चालतो?

इथे नवशिक्यांचे सर्वात जास्त पैसे वाया जातात. बाजारात लेझरची तीन मुख्य घराणी दिसतात, आणि 'लेझर म्हणजे लेझर' असं समजून चुकीचं यंत्र घरी येतं.

पहिलं घराणं निळ्या डायोड लेझरचं. तरंगलांबी साधारण ४५० नॅनोमीटर. ही यंत्रं सर्वात स्वस्त. लाकूड, चामडं, पुठ्ठा यांवर छान चालतात. धातूचं म्हणाल, तर रंगाचा थर दिलेल्या पाण्याच्या बाटल्या किंवा ॲनोडाइज केलेलं ॲल्युमिनियम यांवर काम होतं, कारण तिथे फक्त वरचा थर उडवायचा किंवा बदलायचा असतो. जास्त ताकदीचा डायोड स्टीलवर उष्णतेनं गडद डागही पाडतो. पण उघड्या धातूत खोदकाम? ते विसरा.

दुसरं घराणं कार्बन डायऑक्साइड लेझरचं. हा लेझर १९६४ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये कुमार पटेल यांनी शोधला. पटेल यांचा जन्म बारामतीचा आणि अभियांत्रिकीचं शिक्षण पुण्याच्या सीओईपीत. लग्नपत्रिका कापण्यापासून ॲक्रिलिकच्या पाट्यांपर्यंत त्यांच्या शोधाचा वापर आज गल्लोगल्ली होतो. पण याची तरंगलांबी १०,६०० नॅनोमीटर आहे आणि त्या लांबीचा प्रकाश बहुतेक उघडे धातू आरशासारखा परत फेकतात. कारखान्यांत हजारो वॅटचे असे लेझर पत्रा कापतात ही गोष्ट खरी. पण दुकानातल्या ४०-६० वॅटच्या यंत्रानं तांब्याच्या तांब्यावर नाव कोरता येत नाही. वर खास मार्किंगचा फवारा किंवा लेप लावून स्टीलवर काळी खूण पाडता येते, तेवढंच.

तिसरं घराणं फायबर लेझरचं. यात यटर्बियम हे मूलद्रव्य मिसळलेल्या काचेच्या तंतूत प्रकाश तयार होतो. तरंगलांबी १,०६४ नॅनोमीटरच्या आसपास. धातूवरच्या कामाचा राजा हाच. हॉलमार्किंग केंद्रात, भोसरी-चाकणच्या कारखान्यांत पार्टवर क्रमांक टाकायला आणि बेअरिंगवरची अक्षरं कोरायला याच जातीचं यंत्र असतं.

पूर्वी अशी यंत्रं मोठ्या कारखान्यांनाच परवडायची. चीनमधल्या रेकस, मॅक्स, जेपीटी यांसारख्या कंपन्यांनी लेझर स्रोत मोठ्या प्रमाणावर बनवायला सुरुवात केल्यावर चित्र पालटलं. आज भारतात २० वॅटचं साधं फायबर मार्किंग यंत्र लाख-दीड लाखापासून तीन लाखांपर्यंत मिळतं. किमतीतला फरक मुख्यतः लेझर स्रोत, डोकं, बंद कपाट आणि विक्रीनंतरची सेवा यांचा असतो. यंत्र वरून सारखंच दिसतं, म्हणून आत कुठला स्रोत बसवलाय ते बिलावर लिहून घ्या.

वीस वॅटमध्ये धातू उडतो कसा?

घरातला एलईडी बल्बसुद्धा ९ वॅटचा असतो. मग २० वॅटच्या प्रकाशानं पोलाद कसं खोदलं जातं? यातलं गुपित असं, की हा प्रकाश सलग येत नाही, ठोक्याठोक्यानं येतो.

समजा यंत्र २० किलोहर्ट्झवर चालतंय, म्हणजे सेकंदाला २०,००० ठोके. २० वॅटची ऊर्जा त्या ठोक्यांत वाटली, तर प्रत्येकाच्या वाट्याला १ मिलिज्यूल येते. तशी ही किरकोळच. पण हा ठोका फक्त १०० नॅनोसेकंद टिकतो. एवढ्या कमी वेळात १ मिलिज्यूल ओतायची, तर त्या क्षणाची ताकद १०,००० वॅट भरते. तीही केसापेक्षा बारीक ठिपक्यावर. धातूला उष्णता आजूबाजूला पसरवायला वेळच मिळत नाही आणि त्या जागेचा थर वितळून, वाफ होऊन उडतो.

हे एकदा समजलं की सॉफ्टवेअरमधल्या खिडकीतले आकडे अंगावर येत नाहीत. तिथे मुख्य गोष्टी चारच: ताकद किती टक्के, वेग सेकंदाला किती मिलिमीटर, वारंवारता किती किलोहर्ट्झ आणि आतल्या भरणीच्या रेषांमध्ये अंतर किती. वारंवारता वाढवली की ठोके जास्त पण प्रत्येक ठोका हलका. कमी केली की ठोके कमी पण दणदणीत. म्हणून खोल खोदायला साधारण २०-३० किलोहर्ट्झ वापरतात, आणि स्टीलवर न खोदता गडद रंग आणायला जास्त वारंवारता आणि कमी वेग.

वेगाचाही हिशेब सोपा आहे. २० किलोहर्ट्झला सेकंदाला १,००० मिलिमीटर वेगानं गेलात, तर दोन ठोक्यांत ५० मायक्रॉनचं अंतर पडतं. ठिपका साधारण तेवढाच असतो, म्हणून रेषा सलग दिसते. वेग दुप्पट केला की अंतर १०० मायक्रॉन होतं आणि रेषेऐवजी सुटे टिंब दिसायला लागतात. 'यंत्र खराब आहे' अशी तक्रार करण्याआधी हा भागाकार करून बघा.

'मोपा' नावाचा एक महागडा प्रकार मिळतो. त्यात ठोक्याची लांबीही कमी-जास्त करता येते. स्टीलवर रंग उमटवायचे असतील किंवा ॲनोडाइज ॲल्युमिनियमवर गडद काळं हवं असेल, तर त्याचा खरा उपयोग. भांड्यांवर नावं घालायला त्याची गरज नाही.

आणखी एक सापळा म्हणजे भिंग. ११० बाय ११० मिलिमीटर क्षेत्राचं भिंग बारीक आणि जोरकस काम देतं. ३०० मिलिमीटरचं भिंग घेतलं की मोठी पाटी एका दमात होते, पण ठिपका मोठा होतो आणि जोर विखुरतो. दागिने आणि लहान वस्तूंसाठी लहान भिंगच बरं.

प्रत्येक धातूचा स्वभाव वेगळा

स्टील नवशिक्यासाठी सर्वात सोयीचं. उष्णता लवकर वाहून नेत नाही, त्यामुळे दिलेली ऊर्जा जागेवर राहते. पांढरट, काळी, खोल अशा तिन्ही तऱ्हेच्या खुणा जमतात. पण स्टीलला गंज लागत नाही तो पृष्ठभागावरच्या क्रोमियम ऑक्साइडच्या अदृश्य थरामुळे. लेझर तो थर बिघडवतो. म्हणूनच कधी कधी कोरलेल्या अक्षरांतूनच तांबूस गंज उगवतो, विशेषतः मिठाच्या पाण्याशी किंवा लोणच्याशी संबंध आला की. स्वयंपाकाच्या भांड्यावर नाव नेहमी बाहेरच्या बाजूला घाला, खोल खोदू नका. काम झाल्यावर सायट्रिक ॲसिडच्या द्रावणानं साफ करून नीट धुतलं तर थर परत तयार व्हायला मदत होते.

पितळ बऱ्यापैकी ऐकतं. तांबं हट्टी आहे, कारण ते या तरंगलांबीचा बहुतेक प्रकाश परत फेकतं आणि उष्णताही झपाट्यानं पसरवतं. ताकद जास्त आणि फेऱ्या जास्त लागतात. कल्हई केलेल्या भांड्याच्या आतल्या बाजूला लेझर अजिबात लावू नका. कल्हई गेली की आंबट पदार्थ थेट तांब्याला लागतात.

चांदीची गोष्ट सर्वात अवघड, आणि बातमी चांदीचीच आहे. सर्व धातूंत चांदी उष्णता सर्वात जास्त वाहून नेते आणि प्रकाशही सर्वात जास्त परत फेकते. स्टीलवर जमलेले आकडे चांदीवर टाकले तर नुसता धुरकट डाग पडतो. शिवाय पांढऱ्यावर पांढरी अक्षरं नीट वाचता येत नाहीत. परत फिरलेला प्रकाश थेट लेझर स्रोतात शिरून इजा करू शकतो, म्हणून आरशासारखी चकचकीत वस्तू भिंगाच्या अगदी मध्याखाली सपाट ठेवू नये, किंचित कलती किंवा बाजूला ठेवावी. चांदीचा सराव ग्राहकाच्या पैंजणावर नको. आधी पितळेवर, मग चांदीच्या तुकड्यावर.

पहिल्या आठवड्यात काय करायचं?

पहिला दिवस फक्त फोकससाठी. भिंगापासून वस्तूपर्यंतचं अंतर एक-दोन मिलिमीटर चुकलं तरी खूण फिकट पडते. स्टीलच्या तुकड्यावर एकच रेष सतत चालू ठेवून डोकं हळूहळू वर-खाली करा. जिथे आवाज सर्वात तीक्ष्ण आणि ठिणगी सर्वात तेजस्वी, ते अंतर. ते मोजून यंत्रावरच लिहून ठेवा.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चौकटींचा तक्ता बनवा. आडवा वेग, उभी ताकद, असे पाच बाय पाच चौकोन एका पत्र्यावर कोरा. मग वारंवारता बदलून दुसरा पत्रा. कुठल्या चौकोनात हवा तो रंग आला ते आकडे वहीत उतरवा. इंटरनेटवरचे तयार आकडे फक्त अंदाजासाठी असतात. तुमचा स्रोत, भिंग आणि पत्रा वेगळा म्हणजे आकडेही वेगळे.

चौथ्या दिवसापासून देवनागरी. इथे खास आपली अडचण येते. अनेक यंत्रांसोबत येणाऱ्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी टाइप केली की जोडाक्षरं तुटतात, पहिली वेलांटी भलत्या जागी जाते. उपाय सोपा. नाव इंकस्केपसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये युनिकोडमध्ये लिहा, अक्षरांचं रूपांतर रेषांच्या आकारात करा आणि तो आकार लेझरच्या सॉफ्टवेअरमध्ये आणा. बारीक अक्षरांत अनुस्वाराचं टिंब आणि रफार बुजतात, म्हणून थोडा जाड आणि मोकळा फॉन्ट निवडा. 'श्री'मधला रकार बुजला तर ग्राहक यजमानच नव्हे, सगळी वरात नाराज होते.

आठवड्याच्या शेवटी पेल्यांसारख्या गोल वस्तू. सपाट भिंगाखाली गोल वस्तूचा मधला भागच फोकसमध्ये राहतो. लहान नावाला चालतं, पण मोठ्या मजकुराला वस्तू फिरवणारं जोडउपकरण लागतं.

डोळे आणि धूर: इथे तडजोड नाही

फायबर लेझरचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही. झगमगाट दिसला की आपण पापणी मिटतो, ते संरक्षण इथे मिळत नाही. पण डोळ्याचं भिंग हा न दिसणारा प्रकाशही थेट पडद्यावर एकवटतं. चकचकीत पेल्यावरून उसळलेला किरणही कायमची इजा करायला पुरतो. ही यंत्रं सर्वात धोकादायक अशा चौथ्या वर्गात मोडतात.

स्वस्तातली अनेक यंत्रं उघडी येतात, सोबत एक चष्मा. तो चष्मा कुठल्या तरंगलांबीसाठी आहे ते त्याच्या काडीवर किंवा काचेवर छापलेलं असलं पाहिजे. निळ्या डायोडचा चष्मा १,०६४ नॅनोमीटरला काहीच अडवत नाही. दुकानात उघडं यंत्र असेल तर चष्मा तुमच्या डोळ्यावर असेल, समोर उभ्या ग्राहकाच्या आणि त्याच्या लेकराच्या डोळ्यांचं काय? म्हणून बंद कपाटाचं, झाकण उघडताच लेझर बंद होणारं यंत्र घ्या. वीस-तीस हजार जास्त गेले तरी चालतील.

धुराचंही तसंच. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा, पितळ, क्रोमचा थर यांतून निघणारा धूर छातीसाठी वाईट. जुन्या दागिन्यांच्या बाबतीत तर विशेष काळजी हवी. एकेकाळी 'केडीएम' म्हणून मिरवलेल्या दागिन्यांच्या डागात कॅडमियम असायचं, आणि कॅडमियमची वाफ विषारी आहे. अशा डागाच्या जागी लेझर लावू नका. धूर ओढून बाहेर किंवा गाळणीत नेणारा पंखा हा यंत्राचाच भाग समजा. कुणी पीव्हीसीचं कार्ड घेऊन आलं तर नम्रपणे परत पाठवा. त्यातून निघणारा हायड्रोजन क्लोराइड वायू तुमच्या फुप्फुसांसोबत यंत्रही गंजवतो.

हिशेब कसा मांडायचा?

समजा यंत्र, पंखा, संगणक मिळून २ लाख रुपये लागले आणि एका भांड्यावर नाव घालायचे २० रुपये मिळतात. फक्त यंत्राचे पैसे सुटायला १०,००० भांडी हवीत. रोज ४० भांडी मिळाली तर २५० दिवस. वीज, जागा, व्याज आणि तुमची मजुरी यात धरलेली नाही. आणि लग्नसराई बारा महिने नसते.

बसस्टँडजवळ किंवा भांड्यांच्या दुकानाबाहेर विजेच्या टोकदार पेननं नावं घालणारा माणूस आठवतो ना? त्याचं साहित्य पिशवीत मावतं आणि हात इतका बसलेला असतो, की नाव घालायला मिनिटही लागत नाही. त्याच्याशी दरात स्पर्धा करून लेझर जिंकणार नाही. लेझर जिंकतो तिथे, जिथे तोच मजकूर शंभर वेळा तंतोतंत हवा, किंवा प्रत्येक नगावर वेगळा पण अचूक हवा. संस्थेची बोधचिन्हं, कारखान्यातल्या मापयंत्रांवरचे क्रमांक, सोसायटीच्या किल्ल्या, यंत्रांवरच्या माहितीपट्ट्या, सुट्या भागांवरचे डेटा मॅट्रिक्स कोड ही ती कामं. लहान वर्कशॉपना मोठ्या ग्राहकांकडून 'प्रत्येक पार्टवर क्रमांक हवा' अशी अट येते, पण स्वतःचं यंत्र घेण्याइतकं काम नसतं. तुमचा ग्राहक तिथे आहे. यंत्र घेण्याआधी अशा दहा जणांना भेटा. तीन जणांनी तरी 'काम देतो' म्हटलं तरच कर्जाच्या कागदावर सही करा.

खूण स्वस्त झाली, खात्री नाही

आता बातमीच्या मुळाशी येऊ. धातूवर अक्षरं कोरणं जेव्हा महाग आणि अवघड होतं, तेव्हा कोरलेली खूण हाच अर्धा पुरावा होता. आज दोन लाखांत कुणीही सहा अक्षरं कोरू शकतो. म्हणजे दागिन्यावर बीआयएसचा त्रिकोण, ९१६ आणि सहा अक्षरं दिसली, एवढ्यावर विश्वास ठेवायचे दिवस गेले.

एचयूआयडीची खरी ताकद त्यामागच्या नोंदीत आहे. 'बीआयएस केअर' ॲपमध्ये क्रमांक टाकला की दागिन्याचा प्रकार, शुद्धता, सराफाची नोंदणी आणि हॉलमार्किंग केंद्र दिसतं. पण इथेही एक फट राहते. एखाद्यानं खऱ्या दागिन्याचा क्रमांक उचलून दुसऱ्या, हलक्या दागिन्यावर कोरला, तर ॲप तो क्रमांक खराच दाखवणार. म्हणून नुसतं 'क्रमांक सापडला' यावर थांबू नका. ॲपमध्ये 'अंगठी' लिहिलंय आणि हातात बांगडी आहे का? समोरच्या दुकानाचं नाव आणि नोंदीतला सराफ जुळतो का? शुद्धता तीच आहे का? आणि बिलावर हॉलमार्कचा उल्लेख मागून घ्या.

हीच गोष्ट वाहनांच्या एचएसआरपी पाट्यांची. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या वाहनांना या पाट्या लावण्याची मुदत महाराष्ट्रात वारंवार वाढली आणि त्यावर भरपूर चर्चा झाली. त्या पाटीच्या डाव्या कोपऱ्यातही लेझरनं उमटवलेला कायमचा क्रमांक असतो. दिसायला तशीच पाटी कुणी करून दिली, तरी त्या क्रमांकाची नोंद वाहनाशी जोडलेली नसेल तर ती पाटी म्हणजे नुसता पत्रा.

लेझर यंत्राच्या मालकासाठी याचा अर्थ सरळ आहे. तुमच्याकडे कधी ना कधी कुणी तरी येणार. 'एवढी सहा अक्षरं टाकून द्या', 'गाडीचा पुसट झालेला चेसिस नंबर जरा उठवून द्या', 'या घड्याळावर अमुक कंपनीचं नाव हवंय.' काम दोन मिनिटांचं, पैसे नेहमीच्या दसपट. या तिन्हींना 'नाही' म्हणायचं, कारण पोलिसांच्या तपासात कोरणाराही धरला जातो. रोजच्या कामांची एक वही ठेवा: काय कोरलं, कुणासाठी, कधी, आणि एक फोटो. ग्राहकाचा विश्वासही वाढतो आणि वेळ आली तर तीच वही तुमची ढाल होते.

मग घ्यायचं का?

तुमच्याकडे आधीपासून भांडी, भेटवस्तू, ट्रॉफी किंवा वर्कशॉपचा ग्राहक असेल, तर २० वॅटचं, बंद कपाटाचं, लहान भिंगाचं फायबर यंत्र घ्यायला हरकत नाही. ग्राहक अजून नसेल, तर आधी कुणाच्या तरी यंत्रावर तासाच्या भाड्यानं काम करून घ्या आणि मागणी किती येते ते बघा. चांदीकाम करणाऱ्या घरांसाठी एक वेगळा फायदाही आहे. हॉलमार्क केंद्राकडूनच घ्यायचा, पण स्वतःच्या घराण्याची खूण, नक्षी, ग्राहकाचं नाव, पैंजणावरची तारीख हे काम घरच्या यंत्रावर होऊ शकतं.

चांदीची सक्ती उद्या आलीच, तर केंद्रांकडची गर्दी वाढेल आणि यंत्रांच्या जाहिराती आणखी जोरात वाजतील. तेव्हा लक्षात ठेवायची गोष्ट एकच: हॉलमार्कचा दाखला देतं केंद्र, लेझर नव्हे.